‘टू’ लावू की ‘इंग’? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच अडचण आहे. इंग्रजीत एका क्रियापदामागे दुसरं क्रियापद आलं की ते ‘टू गो’ असं लिहायचं, की ‘गोइंग’ असं? ‘टू गो’ या रूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात आणि नामासारख्या वापरलेल्या ‘गोइंग’ला जेरंड. ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी मी ‘टू’ घेणाऱ्या आणि ‘इंग’ घेणाऱ्या क्रियापदांच्या दोन्ही याद्या पाठ केल्या. पण ‘रिमेंबर’, ‘स्टॉप’, ‘ट्राय’ ही क्रियापदं दोन्ही याद्यांत आहेत. मग पर्याय निवडायचा कसा?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

या क्रियापदांमागे दोन्ही रूपं येतात आणि रूप बदललं की अर्थही बदलतो. त्यामुळे यादी कितीही पाठ असली तरी इथे ती कामाला येत नाही. वाक्य आधी मराठीत मांडा आणि दुसऱ्या क्रियापदाचा शेवट ऐका. हा फरक मराठी बोलणाऱ्याच्या कानात आधीपासूनच असतो.

‘मी गॅस बंद करायला विसरले.’ इथे गॅस बंद झालेलाच नाही. म्हणून ‘आय फरगॉट टू टर्न ऑफ द गॅस’. आता दुसरं वाक्य घ्या : ‘गॅस बंद केल्याचं मला आठवतंय.’ काम झालं, आठवण मागाहून आली. म्हणून ‘आय रिमेंबर टर्निंग ऑफ द गॅस’. मराठीत ‘करायला’, ‘करण्यास’ आलं तर इंग्रजीत ‘टू’, आणि ‘केल्याचं’, ‘केल्याचा’ आलं तर ‘इंग’. परीक्षेतल्या वाक्यात ‘क्लिअरली’ आणि ‘यस्टरडे’ असे शब्द ‘रिमेंबर’जवळ दिसले तर काम होऊन गेलेलं असतं : ‘आय क्लिअरली रिमेंबर पोस्टिंग द लेटर यस्टरडे’. वाक्य ‘प्लीज’ने सुरू झालं, म्हणजे सूचना असली, तर काम अजून व्हायचं असतं : ‘प्लीज रिमेंबर टू पोस्ट द लेटर’.

‘रिग्रेट’ला हीच खूण चालते. ‘कळवण्यास खेद वाटतो’ म्हणजे ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. ‘तसं बोलल्याचा पश्चात्ताप होतो’ म्हणजे ‘आय रिग्रेट सेइंग दॅट’. ‘रिग्रेट टू’च्या पुढे बहुतेक वेळा से, टेल, इन्फॉर्म, अनाउन्स अशी सांगण्याची क्रियापदंच येतात.

‘ट्राय’साठी मराठीत फार नेमकी सोय आहे. पंप चालू होत नाही. ‘मी फ्यूज बदलून पाहिला’, म्हणजे फ्यूज बदलला, पण त्याने पंप चालू होतो का हे पाहायचं होतं : ‘आय ट्राइड चेंजिंग द फ्यूज’. ‘मी फ्यूज बदलायचा प्रयत्न केला’, म्हणजे बदलणंच अवघड गेलं, कदाचित जमलंही नाही : ‘आय ट्राइड टू चेंज द फ्यूज’. ‘करून पाहिलं’ तिथे ‘इंग’, ‘करायचा प्रयत्न केला’ तिथे ‘टू’. भूतकाळातल्या वाक्यांत हा फरक सर्वांत स्पष्ट असतो आणि परीक्षेत वाक्यंही बहुधा तशीच येतात.

‘स्टॉप’मध्ये थांबणं आणि थांबवणं यांतला फरक पाहा. ‘सीबीएस बसस्थानकावर तो चहा प्यायला थांबला’ हे ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. ‘त्याने चहा पिणं थांबवलं’ हे ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. पहिल्या वाक्यातला ‘टू ड्रिंक’ हा ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. जे बंद झालं, ते नेहमी ‘इंग’मध्येच येतं. डॉक्टरांच्या सल्ल्याचं वाक्य असेल तर ‘स्टॉप टू स्मोक’ लिहिल्याने अर्थ बरोबर उलटा होतो.

‘गो ऑन टॉकिंग’ म्हणजे बोलतच राहणं. ‘गो ऑन टू टॉक अबाउट’ म्हणजे एक विषय संपवून पुढच्या विषयावर बोलणं. ‘मीन टू’मध्ये हेतू असतो : ‘आय डिडन्ट मीन टू हर्ट यू’. ‘मीन’पुढे ‘इंग’ आलं तर परिणाम : ‘द जॉब मीन्स मूव्हिंग टू पुणे’.

आता दोन जोड्या, ज्यांवर खरोखर वेळ घालवावा. मराठीत ‘कबूल करणं’ एकच. पण ‘पैसे घेतल्याचं त्याने कबूल केलं’ हे ‘ही ॲडमिटेड टेकिंग द मनी’, आणि ‘पैसे द्यायचं त्याने कबूल केलं’ हे ‘ही ॲग्रीड टू पे’. इथे इंग्रजीत रूपाबरोबर क्रियापदसुद्धा बदललं. ‘नाकारणं’चंही तसंच : ‘चोरी केल्याचं नाकारलं’ हे ‘डिनाइड स्टीलिंग’, ‘येण्यास नकार दिला’ हे ‘रिफ्यूज्ड टू कम’. ‘ही डिनाइड टू कम’ ही चूक सर्रास ऐकू येते. तिचं मूळ इथे आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ‘जायचं ठरवलं’ आणि ‘जायचं टाळलं’ यांचा मराठीतला शेवट एकच आहे, तरी इंग्रजीत ‘डिसाइडेड टू गो’ आणि ‘अव्हॉइडेड गोइंग’ होतं. अशा ठिकाणी कान मदत करत नाही, तिथे यादीच लागते. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझे आठवी-नववीचे विद्यार्थी ‘एन्जॉय टू प्ले’, ‘डिसाइडेड गोइंग’ असं लिहितात. यादी फळ्यावर लिहून दिली, पाठही करून घेतली, तरी फरक पडत नाही. कसं शिकवावं?
– एक शिक्षक, दिंडोरी तालुका

यादी अकारविल्हे असेल तर ती टिकत नाही, कारण शेजारच्या दोन शब्दांचा अर्थाने काहीच संबंध नसतो. गट अर्थावर करा. ‘टू’ हा मुळात दिशा दाखवणारा शब्द आहे, म्हणून पुढे पाहणारी क्रियापदं त्याच्याबरोबर येतात : वाँट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस, एक्स्पेक्ट, ऑफर, ॲग्री, रिफ्यूज. यांत मॅनेज, अफोर्ड, लर्न आणि फेल ही चार जोडा. ‘इंग’चा पहिला गट चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टींचा : एन्जॉय, फिनिश, कीप, प्रॅक्टिस, ॲडमिट, डिनाय. दुसरा गट अंगावर न घेण्याचा : अव्हॉइड, पोस्टपोन, गिव्ह अप, माइंड. राहिलेली दोन, सजेस्ट आणि कन्सिडर, पुढच्या कामाबद्दल असूनही ‘इंग’ घेतात. मुलं नेमकी तिथेच अडकतात. म्हणून ती वेगळ्या रंगाच्या खडूने लिहा आणि ‘नियमाबाहेरची’ म्हणूनच शिकवा. दिशेचा नियम पुष्कळ ठिकाणी लागू पडतो, सगळीकडे नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

आठवड्याला सहा-सात क्रियापदं पुरेत. वहीत नुसतं ‘एन्जॉय’ लिहू देऊ नका. ‘एन्जॉय प्लेइंग’ असं पुढच्या शब्दासकट लिहून घ्या, म्हणजे जोडी एकदम जिभेवर बसते. पहिले दोन आठवडे फक्त ‘टू’ची क्रियापदं घ्या, नंतरचे दोन फक्त ‘इंग’ची. पाचव्या आठवड्यात दोन्ही मिसळून तोंडी फेरी घ्या : एका मुलाने ‘आय वाँट टू प्ले कबड्डी’ म्हणायचं, शेजारच्याने तेच ‘एन्जॉय’ वापरून सांगायचं. दोन्ही गट एकाच दिवशी शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात, आणि ‘इंग’चा सराव झाल्या झाल्या मुलं ‘आय वाँट प्लेइंग’ लिहायला लागतात. असं दिसलं तर रागावण्यापेक्षा एक तास मागे जाऊन ‘टू’चा गट पुन्हा घ्या.

वह्या तपासताना एक काळजी घ्या. लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू यांच्यापुढे दोन्ही रूपं चालतात, तिथे लाल रेघ मारू नका. दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. ‘वुड लाइक’ नेहमी ‘टू’ घेतं. आणि आधीच ‘स्टार्टिंग’ असेल तर पुढे दुसरं ‘इंग’ नको : ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’. नकारार्थी करायचं तर ‘नॉट’ दोन्ही रूपांच्या अगोदर येतो : ‘डिसाइडेड नॉट टू गो’, ‘सॉरी फॉर नॉट कॉलिंग’. मराठीत ‘न जायचं ठरवलं’मध्ये ‘न’ जिथे येतो तिथेच, त्यामुळे मुलांना हे लगेच पटतं.

प्रश्न : कंपनीच्या ईमेलमध्ये मी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं. साहेबांनी ‘मीटिंग’ असं दुरुस्त केलं. ‘टू’च्या पुढे मूळ क्रियापद येतं, असं शाळेत शिकलो होतो. मग हे कसं?
– एक वाचक, अंबड औद्योगिक वसाहत

दुरुस्ती बरोबर आहे. इंग्रजीत ‘टू’ दोन प्रकारचे आहेत. एक इन्फिनिटिव्हचा, त्याच्यापुढे मूळ क्रियापद. दुसरा ‘कडे’, ‘ला’ या अर्थाचं शब्दयोगी अव्यय, म्हणजे प्रेपोझिशन. त्याच्यापुढे नामच लागतं, आणि क्रियापदाचं नाम म्हणजे ‘इंग’चं रूप.

ओळखण्याची कसोटी : ‘टू’च्या पुढे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे बरोबर वाक्य आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग’. ‘आय वाँट टू इट’ हे वाक्यच होत नाही, म्हणून पुढे ‘मीट’. कचेरीच्या पत्रव्यवहारात ‘इंग’ घेणाऱ्या या दुसऱ्या ‘टू’चे काही शब्द वारंवार येतात : ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू, अकस्टम्ड टू, इन ॲडिशन टू, व्हेन इट कम्स टू, विथ अ व्ह्यू टू. शेवटचं तर निविदा आणि कोटेशनमध्ये हमखास चुकतं : ‘विथ अ व्ह्यू टू सप्लाय’ नव्हे, ‘विथ अ व्ह्यू टू सप्लाइंग’.

‘यूज्ड टू’ने फार जणांना त्रास होतो. ‘मी रात्रपाळी करायचो’ (आता करत नाही) म्हणजे ‘आय यूज्ड टू वर्क नाइट शिफ्ट्स’. ‘मला रात्रपाळीची सवय आहे’ म्हणजे ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग नाइट शिफ्ट्स’. मुलाखतीत दुसरं म्हणायचं असताना ‘ॲम’ गळला किंवा ‘वर्किंग’चं ‘वर्क’ झालं, तर समोरच्याला उलटच कळू शकतं. यंत्राविषयी लिहिताना तिसरा अर्थ येतो : ‘धिस मशीन इज यूज्ड टू कट शीट्स’, हे यंत्र पत्रे कापायला वापरतात.

तुमच्या ईमेलच्या नमुन्यात आणखी तीन गोष्टी दिसल्या. पहिली ‘आय केम फॉर डिस्कसिंग द ऑर्डर’. आपल्या ‘चर्चा करण्यासाठी’मधला ‘साठी’ थेट ‘फॉर’ होऊन आलाय. माणूस एखादं काम करतो त्यामागचा हेतू ‘टू’ने सांगा : ‘आय केम टू डिस्कस द ऑर्डर’. ‘फॉर’पुढे ‘इंग’ येतं ते वस्तूचा उपयोग सांगताना, जसं ‘अ ब्लेड फॉर कटिंग रबर’, किंवा कारण सांगताना, जसं ‘थँक यू फॉर सेंडिंग द ड्रॉइंग’. दुसरी ‘प्लीज सजेस्ट मी टू सिलेक्ट’. ‘सजेस्ट’च्या मागे माणूस आणि ‘टू’ येत नाही. ‘ही सजेस्टेड चेंजिंग द व्हेंडर’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट वुई चेंज द व्हेंडर’ लिहा. आस्क, टेल, रिक्वेस्ट, ॲडव्हाइज यांच्यामागे मात्र माणूस आणि ‘टू’ चालतो, म्हणून ‘वुई रिक्वेस्ट यू टू सेंड’ निर्धास्त लिहा. तिसरी ‘वुई वाँट दॅट यू डिस्पॅच’. ‘तुम्ही माल पाठवावा असं आम्हाला वाटतं’ हे आपलं वाक्य, पण इंग्रजीत ते ‘वुई वाँट यू टू डिस्पॅच’ असं बांधतात.

आफ्टर, बिफोर, विदाउट, बाय, इन्स्टेड ऑफ यांच्यामागे डोळे झाकून ‘इंग’ लावा : ‘बिफोर डिस्पॅचिंग’, ‘विदाउट चेकिंग’.

प्रश्न : मुलगी ‘मम्मी मेड मी टू ड्रिंक मिल्क’ म्हणते. शिक्षिका म्हणतात ‘टू’ नको. का?
– एक पालक, गंगापूर रोड

मेक आणि लेट यांच्यामागे माणूस आला की ‘टू’ गळतो : ‘मेड मी ड्रिंक’, ‘लेट मी गो’. अर्थाने जवळची असली तरी फोर्स आणि अलाउ ‘टू’ ठेवतात : ‘फोर्स्ड मी टू ड्रिंक’, ‘अलाउड मी टू गो’. ‘हेल्प’ला दोन्ही चालतं. गंमत म्हणजे ‘मेक’चं कर्मणी रूप केलं की गळालेला ‘टू’ परत येतो : ‘आय वॉज मेड टू ड्रिंक मिल्क’. मुलगी हे कुठे वाचून ‘टू’ लावत असेल, तर तिचा गोंधळ समजण्यासारखा आहे. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवा.

प्रश्न : मी बारावीत आहे. प्रत्येक ‘इंग’ म्हणजे जेरंड असतं का? आणि जेरंड वापरून वाक्य पुन्हा लिहा, असा प्रश्न आला तर काय करायचं?
– एक विद्यार्थी, नाशिक रोड

नाही. ‘स्विमिंग इन द गोदावरी ड्युरिंग फ्लड्स इज डेंजरस’ आणि ‘द बॉइज स्विमिंग निअर रामकुंड आर माय फ्रेंड्स’ ही वाक्यं शेजारी ठेव. पहिल्यातला ‘स्विमिंग’पासून ‘फ्लड्स’पर्यंतचा तुकडा काढून ‘इट’ ठेवला तरी वाक्य उभं राहतं : ‘इट इज डेंजरस’. म्हणून ते जेरंड. दुसऱ्यात ‘स्विमिंग’ हे ‘कोणती मुलं?’ याचं उत्तर देतं, विशेषणाचं काम करतं. ते प्रेझेंट पार्टिसिपल. ‘इज’, ‘वॉज’नंतर चालू काळ दाखवणारं ‘इंग’ही जेरंड नव्हे. ‘वेटिंग रूम’मध्ये खोली वाट पाहत नाही, ती वाट पाहण्यासाठी असते, म्हणून जेरंड, ‘रनिंग ट्रेन’मध्ये गाडी स्वतःच धावते, म्हणून पार्टिसिपल.

वाक्य बदलताना आधी इन्फिनिटिव्ह कुठे आहे ते पाहा. तो कर्त्याच्या जागी असेल तर काम सोपं : ‘टू वेस्ट वॉटर इज राँग’चं ‘वेस्टिंग वॉटर इज राँग’. ‘इट इज डिफिकल्ट टू क्लाइंब ब्रह्मगिरी इन द रेन’ असं असेल तर ‘इट’ काढून टाक आणि ‘क्लाइंबिंग ब्रह्मगिरी इन द रेन इज डिफिकल्ट’ असं लिही. ‘इट’ तसाच राहिला तर वाक्य बिघडतं. जेरंड कर्ता असेल तर क्रियापद एकवचनीच. ‘ईटिंग रॉ व्हेजिटेबल्स’मध्ये भाज्या अनेक आहेत, तरी पुढे ‘इज’ येतो, कारण कर्ता भाज्या नाहीत, खाणं आहे. ‘डू यू माइंड माय सिटिंग हिअर’ आणि ‘मी सिटिंग’ दोन्ही बोलले जातात. उत्तरपत्रिकेत ‘माय’ लिही.

स्पेलिंगमध्ये गुण घालवू नकोस. रन आणि स्विम यांचं शेवटचं अक्षर दुहेरी होतं. बिगिनचंही होतं, कारण जोर दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर) आहे. व्हिजिटचं होत नाही, कारण तिथे जोर पहिल्यावर आहे. राइटमधला शेवटचा ‘ई’ जातो, आणि लाय, डाय यांतल्या ‘आयई’चा ‘वाय’ होतो.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेला भेट द्यायला परदेशी पाहुणे येतात. ‘गेस्ट्स आर नॉट अलाउड पिकिंग ग्रेप्स’ आणि ‘ग्रेप्स नीड टू वॉश बिफोर ईटिंग’ अशा पाट्या लावल्या आहेत. बरोबर आहेत का?
– एक बागायतदार, निफाड तालुका

दोन्ही बदलायला हव्यात. ‘अलाउ’च्या वाक्यात माणूस आला की ‘टू’ : ‘गेस्ट्स आर नॉट अलाउड टू पिक ग्रेप्स’. माणूस नसेल तर ‘इंग’ : ‘पिकिंग ग्रेप्स इज नॉट अलाउड’.

‘नीड टू वॉश’चा अर्थ द्राक्षांनी काहीतरी धुवायला हवं, असा होतो. द्राक्षं धुवायची आहेत, म्हणून ‘द ग्रेप्स नीड वॉशिंग’ किंवा ‘नीड टू बी वॉश्ड’. ‘नीड’च्या पुढचं हे ‘इंग’ कर्मणी अर्थाचं असतं, म्हणून ‘नीड बीइंग वॉश्ड’ असं कधी लिहू नका. पण पाटीवर याहून साधं वाक्य चांगलं दिसेल : ‘प्लीज वॉश द ग्रेप्स बिफोर ईटिंग देम’. आणि पहिल्या पाटीवर ‘प्लीज डू नॉट पिक द ग्रेप्स’ एवढं पुरे. पाहुण्यांशी बोलताना नियमाच्या भाषेपेक्षा विनंती बरी, आणि या वाक्यांत चुकायला फारशी जागाही नाही.